हिटलरच्या जंगलावर बॉम्ब का पडले नाहीत?

२९ ऑगस्ट १९४४ च्या रात्री इंग्लंडमधून निघालेली १८९ लँकेस्टर विमानं क्योनिग्सबर्गवर पोचली. जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांताची ही राजधानी म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राद. नुसतं पोचायलाच दीड हजार किलोमीटर अंतर होतं. एवढं इंधन न्यायचं म्हटल्यावर बॉम्ब कमीच घेता आले होते. तरी जुनं शहर जळून गेलं, आणि १५ विमानं परत आली नाहीत. तीन दिवस आधी, २६ तारखेच्या रात्री, याच शहरावर १७४ विमानं येऊन गेली होती. या दोन्ही रात्री अ‍ॅडॉल्फ हिटलर तिथून शंभर किलोमीटरच्या आत होता. रास्टेनबुर्ग गावाजवळच्या जंगलात त्याचं मुख्यालय होतं, 'वोल्फशान्झं' नावाचं. जुलैच्या मध्यापासून तो तिथून हललाच नव्हता.

जून १९४१ ते नोव्हेंबर १९४४ या काळात हिटलरने या जंगलात आठशेहून अधिक दिवस काढले. रशियावरचं युद्ध इथून चाललं. स्टालिनग्राडमधून माघार घ्यायची नाही, हा हुकूम इथून सुटला. इटलीचा मुसोलिनी, रुमानियाचा अंतोनेस्कू, बल्गेरियाचा राजा बोरिस असे पाहुणे इथे येऊन गेले. आणि तरीही या जागेवर शत्रूने एकदाही ठरवून हवाई हल्ला केला नाही. जानेवारी १९४५ मध्ये रशियाची लाल सेना दारात आली तेव्हा ती उडवली जर्मनांनीच.

असं का झालं, याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, जागा इतकी बेमालूम लपवली होती की कुणाला सापडलीच नाही. दुसरं, वरच्या पातळीवर आपसात समझोता होता. सैनिकांनी मरायचं आणि सेनापतींनी एकमेकांना सांभाळायचं. दुसरं उत्तर ऐकायला धीट वाटतं. सत्ताधाऱ्यांबद्दल आपल्या मनात जो संशय असतो त्याला ते खतपाणी घालतं, म्हणून पटकन पटतंही. पण ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, असं मला वाटतं. आणि ती मानून चालल्यामुळे या प्रकरणातला जो खरा, अजूनही जिवंत असलेला प्रश्न आहे तो बाजूला पडतो: शत्रूचं नेतृत्वच संपवायचं की नाही, हे कुणी, कशाच्या आधारावर ठरवायचं?

आधी समझोत्याचं पाहू. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश कमांडोंनी लिबियात बेदा लिटोरिया इथे जर्मन सेनापती रोमेलला मारायला म्हणून छापा घातला. रोमेल तिथे नव्हता. छाप्याचं नेतृत्व करणारा जेफ्री कीज मारला गेला. १८ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकेने जपानच्या संयुक्त आरमाराचे प्रमुख यामामोतो यांचं विमान बूगनव्हिलवर पाळत ठेवून पाडलं. त्यांच्या दौऱ्याचं वेळापत्रक सांकेतिक संदेश उकलून हाती आलं होतं. त्याआधी १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बॉम्ब थेट बकिंगहॅम राजवाड्यावर पडले होते. २५ एप्रिल १९४५ रोजी साडेतीनशेहून अधिक लँकेस्टर विमानांनी बेर्ख्टेसगाडेनच्या डोंगरावरचं हिटलरचं घर आणि परिसर भाजून काढला. हिटलर तेव्हा बर्लिनमध्ये होता. हे सगळं डोळ्यांसमोर असताना सेनापतींना हात लावायचा नाही असा काही करार होता म्हणणं टिकत नाही.

आता लपवाछपवीचं. ती होती, आणि फार मन लावून केलेली होती. नाझींच्या बांधकामं करणाऱ्या टोट संघटनेने १९४० च्या शरदात काम सुरू केलं तेव्हा आजूबाजूच्या लोकांना सांगितलं गेलं की 'अस्कानिया' नावाचा रासायनिक कारखाना होतोय. मासुरियाचा हा भाग तळ्यांचा, दलदलीचा आणि दाट झाडीचा. झाडं शक्य तितकी राखली. रस्त्यांवर आणि इमारतींवर कृत्रिम पानांच्या जाळ्या ताणल्या, ऋतू बदलला की त्यांचा रंगही बदलायचा. काँक्रीटच्या भिंतींवर समुद्री शेवाळ मिसळलेला गिलावा दिला, म्हणजे उन्हात चमकणार नाही. भोवती काटेरी तारा, विमानवेधी तोफा आणि हजारो सुरुंग. ते सुरुंग काढायला पोलंडला युद्धानंतर १९५५ पर्यंत वेळ लागला. हिटलरच्या मुख्यालयातल्याच जनरल योडलने न्यूरेंबर्गच्या खटल्यात या जागेचं वर्णन मठ आणि छळछावणी यांचं मिश्रण असं केलं होतं. आत दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती: अधिकारी, पहारेकरी, टंकलेखक, स्वयंपाकी, न्हावी.

पण दोन हजार माणसांची वस्ती, तिचा रेल्वेमार्ग आणि तिची धावपट्टी कायमची गुप्त राहत नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये फ्रिट्झ कोल्ब नावाचा जर्मन परराष्ट्र खात्यातला कारकुनी दर्जाचा अधिकारी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला गेला आणि अमेरिकी हेरखात्याच्या अ‍ॅलन डलेसला भेटला. नाझींचा मनापासून तिटकारा असलेला हा माणूस पैसे न घेता कागदपत्रं देत होता. तो स्वतः वोल्फशान्झंला जाऊन आला होता. पहिल्या भेटीतच त्याने तिथला नकाशा काढून दिला. म्हणजे युद्ध संपायच्या पावणेदोन वर्षं आधी मुख्यालय कुठे आहे हे अमेरिकेला ठाऊक होतं. आणि २० जुलै १९४४ ला हिटलरला मारायला तिथेच घडवलेल्या स्फोटानंतर तर हिटलर पूर्व प्रशियातल्या आपल्या मुख्यालयातच होता हे जगजाहीर झालं. 'सापडलंच नाही' हे उत्तर इथे संपतं.

मग अंतर? १९४१-४२ मध्ये हे कारण पुरेसं होतं. इंग्लंडहून तिथपर्यंत जाऊन परत येणारी विमानं तेव्हा मोठ्या संख्येने नव्हती. आणि गेली असती तरी काय झालं असतं, हे ब्रिटिश बॉम्बफेकीची तपासणी करणाऱ्या ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालावरून समजतं: आपण लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं ज्या वैमानिकांनी नोंदवलं होतं, त्यांच्यातल्या फक्त एक तृतीयांश विमानांचे बॉम्ब लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आसपास पडले होते. आठ किलोमीटर! जंगलात बसलेल्या बंकरला त्याने काय होणार? रशिया जवळ होता, पण पहिल्या उन्हाळ्यातच त्याचे पश्चिमेकडचे विमानतळ गेले. रशियाची लांब पल्ल्याची विमानं क्योनिग्सबर्गवर येत राहिली, एप्रिल १९४३ मध्ये त्यांनी तिथे पाच टनी बॉम्बही टाकला. पण तो एका शहरावर टाकायचा होता. झाडीतल्या एका छपराला नेम धरणं हे वेगळं काम आहे.

१९४३ च्या अखेरीपासून मात्र अंतराचं कारण पातळ होत जातं. ९ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकी बी-१७ विमानांनी भर दिवसा मारिएनबुर्गचा फोके-वुल्फ विमान कारखाना इतका नेमका उडवला की हवाई दलांत तो हल्ला अचूकतेचा नमुना मानला गेला. मारिएनबुर्ग ते वोल्फशान्झं हे अंतर दीडशे किलोमीटर. कोल्बचा नकाशा तेव्हा दोन महिने जुना होता. जून १९४४ पासून अमेरिकी विमानं रशियाच्या हद्दीत पोल्टावाला उतरू लागली, त्यामुळे परतीचा पल्लाही कमी झाला. त्याच सप्टेंबरात ब्रिटिशांच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने अर्खांगेल्स्कजवळच्या यागोदनिक या रशियन तळावरून उड्डाण करून नॉर्वेतल्या टिर्पिट्झ युद्धनौकेवर साडेपाच टनी 'टॉलबॉय' बॉम्ब टाकले. जमिनीत खोल घुसून फुटणारा, भूकंपासारखा हादरा देणारा हा बॉम्ब. बंकरसाठीच म्हणावा असा. म्हणजे पल्ला होता, बॉम्ब होता, दुसऱ्या देशाचा तळ वापरायची राजकीय सोयही एकदा झालेली होती. युद्धनौकेसाठी ती केली गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं जमवून आणून हल्ला केला असता तरी तो यशस्वी झाला असता असं मी म्हणणार नाही. १९४४ मध्ये मुख्य बंकरांवर काँक्रीटचे नवे थर चढवले गेले. काही छतांची जाडी सात-आठ मीटरपर्यंत गेली. जर्मनांनी नंतर हे बंकर स्वतः उडवले तेव्हा एकेका बंकरसाठी टनांनी स्फोटकं आतून लावावी लागली, आणि तरी अनेक भिंती आजही पोलंडमधल्या केंत्शिनजवळच्या त्या जंगलात उभ्याच आहेत. शिवाय सगळ्यात मोठी अडचण काँक्रीटची नव्हतीच. हिटलर त्या घडीला तिथे आहे का, हे हजार किलोमीटरवरून कसं कळणार? तो अचानक बेर्ख्टेसगाडेनला जाई, ठरलेले दौरे आयत्या वेळी बदले. आणि हे मुख्यालय बोलायचं ते मुख्यतः जमिनीखालच्या तारांवरून, टेलिफोन आणि टेलिप्रिंटरवर. हवेत जो शब्द गेलाच नाही तो सांकेतिक संदेश उकलणाऱ्या ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्क केंद्रात कुणी ऐकणार नव्हतं.

याच्या उलट काय होतं हे नॉर्मंडीत दिसलं. जर्मन जनरल गेयर फॉन श्वेपेनबुर्गचं पँझर, म्हणजे रणगाडा दलाचं, मुख्यालय ला केन या गावातल्या वाड्यात आणि त्याच्या बागेत थाटलं होतं. गाड्या उघड्यावर, बिनतारी यंत्रणा अखंड बोलत असलेली. ते संदेश पकडले गेले, उकलले गेले, आणि १० जून १९४४ च्या संध्याकाळी टायफून आणि मिचेल विमानांनी ते मुख्यालय जागच्या जागी संपवलं. चीफ ऑफ स्टाफसह दीड डझनाच्या आसपास अधिकारी मेले, गेयर जखमी झाला, आणि रणगाड्यांचा जो प्रतिहल्ला व्हायचा होता तो बारगळला. आघाडीलगतचं मुख्यालय, ताजी माहिती, जवळचे विमानतळ. या तीन गोष्टी जुळल्या की मुख्यालयावरचा हल्ला म्हणजे निव्वळ लष्करी कृती असते. तिच्याबद्दल नैतिक प्रश्न फारसे उरत नाहीत.

त्या तीन गोष्टी जुळल्या नाहीत की काय होतं, ते फ्रास्काती या इटालियन गावाला विचारावं. रोमजवळच्या द्राक्षमळ्यांतलं हे गाव. जर्मन फील्ड मार्शल केसेलरिंगचं मुख्यालय तिथे होतं. ८ सप्टेंबर १९४३ च्या दुपारी शंभराहून अधिक बी-१७ विमानांनी गावच उद्ध्वस्त केलं. शेकडो गावकरी मेले. केसेलरिंग ढिगाऱ्यातून धडधाकट बाहेर आला, आणि काही तासांनी इटलीने शरणागती जाहीर केल्यावर त्याने इटालियन सैन्याला निःशस्त्र करून रोम ताब्यात घेतलं. पुढचं दीड वर्ष त्याने डोंगर-नद्यांच्या आडोशाने दोस्तांच्या फौजा अडवून धरल्या. या फौजांत आपली माणसं होती. माणगाव तालुक्यातले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदी ओलांडताना शिपाई नामदेव जाधवांनी तोच सन्मान मिळवला. ते जखमी झाले, पण वाचले. इटलीत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मातीत मिळाले. 'एका माणसाला उडवलं असतं तर' हा विचार आपल्यालाही करायचा हक्क आहे, तो यामुळे. आणि फ्रास्कातीचे गावकरी विसरून तो करता येत नाही, हेही याचमुळे.

वोल्फशान्झं वाचण्याचं मुख्य कारण मात्र तंत्रात नाही. ते उद्देशात आहे. दोस्त राष्ट्रांच्या युद्धयोजनेत त्या जंगलाला लक्ष्य म्हणून जागाच नव्हती. विमानदळांच्या याद्यांत तेलशुद्धीकरण होतं, बेअरिंगचे कारखाने होते, रेल्वेची जंक्शनं होती, आणि ब्रिटिशांच्या यादीत शहरंच्या शहरं होती. हिटलर मेला तर युद्ध लवकर संपेल की लांबेल, यावर एकमत नव्हतं. मग त्याच्यासाठी कोण शंभर विमानं देणार? जर्मन भूदलाचं झोसेनचं मुख्यालय याचं बोलकं उदाहरण आहे. ते बर्लिनपासून हाकेच्या अंतरावर होतं, तरी वर्षानुवर्षं सुखरूप राहिलं. १५ मार्च १९४५ ला त्यावर मोठा अमेरिकी हल्ला झाला आणि जनरल क्रेब्स जखमी झाला. पण अमेरिकी अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी नंतर लिहिलं की त्या दिवशीचं खरं लक्ष्य ओरानिएनबुर्गचा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. तो रशियनांच्या हाती पडू नये म्हणून उडवायचा होता, आणि तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून झोसेनवरही बॉम्ब टाकले. एका महासत्तेच्या सैन्याचा मेंदू जिथे होता, ती जागा दुसऱ्याच कामाचा आडपडदा म्हणून बॉम्बखाली आली.

हिटलरला मारायचं का, हा प्रश्न ब्रिटिशांनी गंभीरपणे घेतला तो १९४४ च्या जूनमध्ये. त्यांच्या एसओई या गुप्त संघटनेने 'फॉक्सली' नावाची योजना आखायला घेतली. त्यात वोल्फशान्झं नव्हतं. बेर्ख्टेसगाडेनला सकाळी फिरायला निघालेल्या हिटलरला बंदूकधाऱ्याने टिपायचं, असा बेत होता. ही कागदपत्रं १९९८ मध्ये खुली झाली. त्यांतून दिसतं की संघटनेच्या जर्मन विभागातला रोनाल्ड थॉर्नली ठामपणे विरोधात होता. त्याचे मुद्दे दोन. हिटलर मेला तर हुतात्मा होईल, आणि १९१८ प्रमाणेच 'आम्ही हरलो नाही, दगा झाला' ही दंतकथा जर्मनीत पुन्हा उगवेल. आणि हिटलर सेनापती म्हणून इतक्या चुका करतो की तो जिवंत असणं आपल्या फायद्याचं. त्याच सुमारास सेनाप्रमुखांनी चर्चिलना कळवलं की निव्वळ लष्करी दृष्टीने हिटलरच्या हाती सूत्रं राहणं जवळजवळ सोयीचंच आहे, पण व्यापक दृष्टीने तो जितक्या लवकर दूर होईल तितकं बरं. हे मत त्यांच्या गुप्त फायलींपुरतं राहिलं नाही. २८ सप्टेंबर १९४४ ला चर्चिल यांनी भर पार्लमेंटात सांगितलं की जुलैतल्या स्फोटातून हिटलर वाचला ही लष्करी दृष्ट्या आपल्या भल्याचीच गोष्ट झाली. शेवटच्या टप्प्यात त्याच्या युद्धकौशल्याला आपण मुकलो असतो तर ते दुर्दैव ठरलं असतं. सभागृहात हशा पिकावा अशाच ढंगाचं ते वाक्य होतं.

मला हा युक्तिवाद मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

चर्चिल बोलत होते त्या दिवशी जर्मनांविरुद्धचा वॉर्साचा उठाव शेवटचे श्वास घेत होता. दोन महिन्यांत तिथे दीड लाखाच्या आसपास नागरिक मारले गेले. ऑश्विट्झची मृत्युछावणी चालू होती. हॉलंडमध्ये उपासमारीचा हिवाळा तोंडावर होता, त्यात पुढे वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. जर्मन सैन्याचे या महायुद्धात जे पन्नास लाखांहून अधिक सैनिक मेले, त्यांतले जवळजवळ निम्मे २० जुलै १९४४ नंतरच्या साडेनऊ महिन्यांत मेले. 'तो चुका करतो म्हणून राहू दे' या हिशेबात एका रकान्यात हिटलरच्या चुका आहेत. त्या चुकांची किंमत कुणी मोजली, हा रकाना कोरा आहे. हिटलरचा हट्ट फक्त जर्मन सैन्याला बुडवत नव्हता. तोच हट्ट गाड्या भरभरून माणसं छावण्यांकडे पाठवत होता आणि हरलेलं युद्ध संपू देत नव्हता. ३० एप्रिल १९४५ ला त्याने आत्महत्या केली आणि आठवड्याभरात जर्मनीने शरणागतीवर सही केली, याचा अर्थ आणखी काय लावायचा?

१९ डिसेंबर १९४१ पासून हिटलर जर्मन भूदलाचा थेट सरसेनापती होता. युद्धकाळात सैन्य चालवणारा सेनापती हे युद्धाच्या कायद्याने वैध लक्ष्य आहे. क्योनिग्सबर्गच्या घराघरांत झोपलेली माणसं ज्या युद्धात लक्ष्य ठरली, त्या युद्धात सरसेनापतीला मारावं की नाही यावर खल होत राहिला, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. जंगलावर निष्फळ हल्ला झाला असता तर विमानं गेली असती, वैमानिक गेले असते. तेवढी किंमत ऑगस्टच्या त्या दोन रात्रींनी मोजलीच होती.

तरीही, मला सगळ्यात जास्त खटकतं ते बॉम्ब न टाकणं नाही. तो जंगलातला दरवाजा आतून उघडू पाहणारी माणसं होती, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं गेलं होतं. मे १९४२ मध्ये चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल स्वीडनमध्ये दीट्रिश बोनह्योफर आणि हान्स श्योनफेल्ड या जर्मन धर्मगुरूंना भेटले. त्यांनी जर्मनीतल्या विरोधकांची नावं दिली आणि एकच विचारलं: हिटलरला हटवलं तर दोस्त राष्ट्रं नव्या सरकारशी बोलतील का? बेल यांनी हे परराष्ट्रमंत्री ईडनपर्यंत पोचवलं. जुलैत ईडनचं उत्तर आलं की त्या लोकांना काहीही उत्तर पाठवणं राष्ट्रहिताचं नाही. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांकात 'बिनशर्त शरणागती'ची घोषणा झाली आणि दार आणखी घट्ट लागलं. तरी ही माणसं प्रयत्न करत राहिली. १३ मार्च १९४३ ला स्मोलेन्स्कहून रास्टेनबुर्गला परतणाऱ्या हिटलरच्या विमानात हेनिंग फॉन ट्रेस्को या जर्मन अधिकाऱ्याने दारूच्या बाटल्या म्हणून स्फोटकांचं पार्सल चढवलं. स्फोटकं ब्रिटिश बनावटीची, जर्मनांच्या हाती लागलेली. ती उडाली नाहीत. २० जुलै १९४४ ला कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग दोन स्फोटकं घेऊन वोल्फशान्झंच्या आत गेला, घाईत एकच सज्ज करता आलं, आणि ते टेबलाखाली ठेवून तो बाहेर पडला. दुपारी पाऊणच्या सुमारास स्फोट झाला. खोलीत दोन डझन माणसं होती, त्यांतली चार मेली. बैठक काँक्रीटच्या बंकरात नव्हती, खिडक्या उघड्या असलेल्या हलक्या बांधकामात होती. धक्का बाहेर निघून गेला आणि हिटलर वाचला. वरून येणाऱ्या बॉम्बच्या धास्तीने हिटलर छतांवर मीटरमागून मीटर काँक्रीट चढवत होता, आणि बॉम्ब आला तो एका कर्नलच्या ब्रीफकेसमधून.

मुख्यालय भेदायला जे ज्ञान लागतं ते या माणसांजवळ होतं. कोण कुठे बसतो, बैठक किती वाजता, पहारा कुठे सैल. ते ज्ञान कोणत्याच हवाई दलाला मिळणार नव्हतं. त्यांना निदान 'तुम्ही यशस्वी झालात तर आम्ही बोलू' एवढं आश्वासन मिळालं असतं, तर डळमळणारे किती सेनापती त्यांच्या बाजूला आले असते? खात्रीने सांगता येत नाही. पण आश्वासन न मिळाल्याने काय झालं ते दिसतंच: २० जुलैच्या संध्याकाळी हिटलर जिवंत आहे असं कळताच बरेचसे अधिकारी निमूटपणे परत फिरले, आणि त्यांच्यापुढे परत फिरण्याखेरीज दुसरी आकर्षक वाट कुणी ठेवलीच नव्हती.

ईडनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते टाळून चालणार नाही. कटवाल्यांतले काही जण लोकशाहीवादी नव्हते. ऑस्ट्रिया आणि पूर्वेकडचे भूभाग जर्मनीकडेच राहावेत अशी त्यांची अपेक्षा होती. स्टालिनला नुसता संशय आला असता की इंग्लंड जर्मनांशी वेगळी बोलणी करतंय, तर आघाडीच तुटली असती. आणि जर्मन सैन्याचं कंबरडं मोडण्याचं सगळ्यात मोठं काम रशियाच करत होता. १९१८ ची 'पाठीत खंजीर' ही दंतकथा खरोखरच नाझींच्या कामी आली होती, त्यामुळे यावेळी पराभव जर्मनीच्या रस्त्यांवर दिसला पाहिजे, हा विचारही पोरकट नव्हता. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं की मौन हा एकच पर्याय नव्हता. रशियाला विश्वासात घेऊन तिघांच्या वतीने एक वाक्य जाहीर करता आलं असतं. ते झालं नाही, कारण 'हिटलरनंतर कोण?' या प्रश्नावर तिघांनाही विचार करायचा नव्हता.

या प्रश्नाची एक बाजू मात्र मलाही अस्वस्थ करते. २० जुलैला त्या टेबलाभोवती जी माणसं होती त्यांत विल्हेल्म कायटेल आणि आल्फ्रेड योडल होते. ७ मे १९४५ ला रेंस इथे जर्मनीच्या शरणागतीवर सही केली योडलने, आणि दुसऱ्या रात्री बर्लिनमध्ये कायटेलने. नॉर्वेपासून एजियन समुद्रातल्या बेटांपर्यंत पसरलेल्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली ती या सह्यांमुळे. पूर्ण ताकदीनिशी टाकलेल्या बॉम्बनी ती सगळी खोलीच पुसली असती, तर 'थांबा' म्हणायचा अधिकार कुणाकडे उरला असता? नाझी सत्तेतले बडे नेते हिमलर आणि गोअरिंग बैठकीला नव्हते, म्हणजे ते वाचले असते. म्हणून हिटलरला लक्ष्य करायला हवं होतं हे माझं मत, आणि आकाशातून अख्खं मुख्यालय सपाट करणं हा त्याचा मार्ग नव्हता हेही माझंच मत. त्या दोन्हींत विरोध आहे असं मला वाटत नाही. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे नंतरच्या सत्तेची आधी केलेली तजवीज, आणि नेमकी तीच कुणी केली नाही.

१९४४ च्या सरकारांना निदान अचूकतेचा अभाव हे कारण सांगता येत होतं. आजच्या सरकारांना ते नाही. २७ सप्टेंबर २०२४ ला इस्रायलने बैरूतमध्ये हिजबुल्लाचं जमिनीखालचं मुख्यालय हसन नसरल्लासह गाडून टाकलं, वर उभ्या असलेल्या राहत्या इमारतींसकट. पाहिजे तो माणूस, पाहिजे त्या तळघरात गाठता येतो म्हटल्यावर 'नंतर कोण?' हे विचारायचा धीर आणखी सुटत चालला आहे. नेतृत्व उडवल्याची बातमी टीव्हीवर विजयासारखी झळकते आणि संसदांमध्ये त्यावर तासभराची चर्चाही होत नाही. आपल्याकडेही युद्धाचा प्रसंग आला की 'त्यांचं मुख्यालयच उडवा' ही मागणी पहिल्या तासात होते. माझी अपेक्षा एवढीच की ही मागणी करणाऱ्याने आणि ती मान्य करणाऱ्या सरकारने दुसऱ्या दिवशी सकाळी समोर कोणाशी बोलायचं हे आधी सांगावं, आणि ते लोकप्रतिनिधींसमोर सांगावं.

इराकमध्ये हे विचारलं गेलं नाही. २० मार्च २००३ च्या पहाटे अमेरिकेने युद्धाची सुरुवातच बगदादच्या दक्षिणेला डोरा फार्म्स या जागेवर बॉम्ब आणि क्रूझ क्षेपणास्त्रं टाकून केली. सद्दाम हुसेन तिथे आहे अशी पक्की खबर होती. तो तिथे नव्हता, आणि खबरीत सांगितलेला बंकरही नव्हता. सद्दाम हाती लागला तो डिसेंबरात. पण त्याच्या कितीतरी आधी, २३ मे रोजी, अमेरिकी प्रशासनाने एका हुकमाने संपूर्ण इराकी सैन्य बरखास्त केलं होतं. लाखो प्रशिक्षित माणसं बंदुका घेऊन घरी गेली. त्यांतली बरीच पुढच्या लढ्यांत पुन्हा दिसली. त्यांना थांबवणारा हुकूम ज्याच्या सहीने निघाला असता, असा इराकी अधिकारी तोवर कुठेच उरला नव्हता.